किल्लीपेटी भिंतीवर बसली, आतल्या किल्लीचे काय?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

इमारतीच्या दर्शनी भिंतीवर एक लहानशी पोलादी पेटी बसवायची, तिच्यात इमारतीच्या किल्ल्या ठेवायच्या आणि ती पेटी उघडणारी किल्ली मात्र फक्त अग्निशमन दलाकडे ठेवायची, ही व्यवस्था जगात अनेक ठिकाणी गेली कित्येक दशके चालू आहे. तिचा विषय निघाला की सहसा दोनच सूर ऐकू येतात. एकाला ही पेटी म्हणजे चोराला दिलेले आमंत्रण वाटते. दुसऱ्याला ती एकदा बसवली की आपले काम संपले असे वाटते. मी सव्वीस वर्षे इमारतींच्या देखभालीचे काम केले, म्हणजे खरे सांगायचे तर सव्वीस वर्षे किल्ल्या सांभाळल्या. या अनुभवावरून मला पहिला सूर अतिशयोक्त वाटतो आणि दुसरा धोक्याचा, कारण दुसऱ्या समजुतीत मी स्वतः काही वर्षे निर्धास्त राहिलो होतो. पत्र थोडे लांबले आहे, ते चालवून घ्यावे ही विनंती.

घडले ते असे. चार मजली कार्यालयीन इमारत होती. पहाटे तीनच्या सुमारास फायर अलार्म वाजला आणि वर्दी थेट नियंत्रण कक्षात पोचली. मला फोन आला तेव्हा बंब निघालेला होता आणि मी पोचलो तेव्हा जवानांना आत जाऊन वीस-बावीस मिनिटे झाली होती. प्रवेशद्वारापाशी काचेचा एक तुकडाही पडलेला नव्हता. पेटी उघडून, मुख्य दाराची किल्ली काढून ते सरळ आत गेले होते आणि इथवर सगळे अगदी ठरल्याप्रमाणे झाले होते. तिसऱ्या मजल्यावर मात्र संगणकांच्या खोलीच्या दाराखालून धूर येत होता आणि त्या दाराची म्हणून पेटीत ठेवलेली किल्ली कुलपात अर्धीच जात होती. चार महिन्यांपूर्वी ते कुलूप बदलले होते आणि बदलून घेणारा मीच होतो. नव्या किल्लीच्या पाच प्रती काढल्या, ज्यांना द्यायच्या त्यांना सही घेऊन दिल्या, नोंदवहीत नोंद केली, कुलूपवाल्याचे बिल मंजूर केले. पेटीतली जुनी किल्ली बदलायची तेवढी राहिली. जवानांनी दार फोडले, आत बॅटऱ्यांच्या कपाटात धुमसणारी आग विझवली आणि सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. निघताना त्यांच्या अधिकाऱ्यांनी ती निकामी किल्ली माझ्या हातावर ठेवली. तिच्या पितळी बिल्ल्यावर ‘तिसरा मजला, संगणक’ अशी अक्षरे होती, मीच एकेक करून ठोकलेली. ते काहीही बोलले नाहीत. चार शब्द सुनावले असते तर मला अधिक बरे वाटले असते.

एवढे सगळे नीट करूनही नेमके हेच कसे राहिले, याचा मी पुढे बरेच दिवस विचार करत होतो. विसराळूपणा हे उत्तर सोपे आहे आणि ते मला मान्यही आहे, पण खरे कारण पेटीच्या रचनेतच दडलेले आहे. या पेटीची सगळी सुरक्षितता एकाच गोष्टीवर उभी आहे, ती म्हणजे इमारतीच्या मालकाला किंवा व्यवस्थापकालाही ती उघडता येत नाही. पेटी कंपनीकडून येते ती उघडी येते. आपण ती भिंतीत पक्की करतो, किल्ल्या आत ठेवतो आणि दलाचा अधिकारी येऊन आपल्याजवळच्या किल्लीने ती बंद करतो. त्यानंतर आतली एक किल्ली बदलायची म्हटली तरी दलाला कळवावे लागते, वेळ ठरवावी लागते आणि त्या वेळी हजर राहावे लागते. दलाची माणसे तेवढ्यात वर्दीवर गेली तर तो दिवसही हुकतो. कुलूप बदलण्याचे काम अर्ध्या तासाचे असते, तर पेटी उघडून घेण्याचे काम आठ-पंधरा दिवस चालते. कोणत्याही कचेरीत अर्ध्या तासाचे काम पूर्ण झाले की फाइल बंद होते. जी अडचण चोराला रोखण्यासाठी मुद्दाम घातली आहे तीच अडचण किल्ली अद्ययावत ठेवणाऱ्यालाही रोखते. पेटीची जाहिरात करणारे आणि पेटीला विरोध करणारे, दोघेही हे सांगत नाहीत.

पेटी मुळात हवी कशाला, असे विचारणाऱ्यांनी बंद दारापुढे जवान काय करतात ते एकदा डोळ्यांपुढे आणावे. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलातील ह्यू हॅलिगन यांनी १९४८ च्या सुमारास एक पहार घडवली, जिच्या एका टोकाला दुहेरी पंजा आणि दुसऱ्या टोकाला पाते व अणकुचीदार सुळा असतो. आज जगभरातील अग्निशमन दले हीच पहार वापरतात. एक जण पंजा दार आणि चौकट यांच्या फटीत धरतो, दुसरा कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने त्यावर घाव घालतो, आणि दार साधे असेल, आतल्या बाजूला उघडणारे असेल, तर ते मिनिटभरात निघतेही. पण पोलादी चौकटीत बसवलेले पोलादी दार, बाहेरच्या बाजूला उघडणारे दार, तीन-चार ठिकाणी आगळ सरकणारे कुलूप किंवा आतून पट्टी लावलेले मागचे दार असले तर मिनिटे वाढत जातात आणि मग कटर यंत्र काढावे लागते. लाकूड, कापूस आणि लोकर यांच्या जुन्या धाटणीच्या सामानाने भरलेली खोली संपूर्ण पेट घ्यायला साधारण अर्धा तास लागतो, तर फोम आणि प्लास्टिक यांच्या आजच्या सामानाने भरलेली तशीच खोली पाच मिनिटांच्या आतही एकदम भडकते, हे शेजारी शेजारी खोल्या पेटवून केलेल्या चाचण्यांत दिसून आलेले आहे. त्या पाच मिनिटांत वर्दी देणे, बंब निघणे आणि पोचणे हे सगळेच बसवायचे असते. दारापाशी घालवायला त्यांतले काहीच शिल्लक राहत नाही.

दार फोडण्याचे नुकसान दाराच्या किमतीएवढेच असते असा एक समज आहे, तोही तपासून पाहण्यासारखा आहे. जिन्याचे किंवा मार्गिकेचे दार हे पुष्कळदा अग्निरोधक दार असते. ते बंद असेपर्यंत धूर एका बाजूला अडून राहतो, म्हणूनच दुसऱ्या बाजूची माणसे जिन्याने खाली येऊ शकतात. फोडलेले दार पुन्हा बंद होत नाही. किल्लीने उघडलेले दार जवान आत गेल्यावर मागे ओढून घेऊ शकतात, पाण्याचा पाइप जाईल एवढीच फट ठेवू शकतात आणि आत जाणारी हवा काही प्रमाणात ताब्यात ठेवू शकतात. आग विझल्यावरही फोडलेल्या दाराचा त्रास संपत नाही. ती इमारत उघडी पडते, आणि नवे दार बसेपर्यंत तिथे कोणीतरी बसून राहावे लागते. माझ्या आयुष्यातल्या तीन रात्री अशा राखणीत गेल्या आहेत.

पण पेटी सर्वांत जास्त उपयोगी पडते ती मोठ्या आगीच्या वेळी नव्हे. ज्वाळा दिसत असतील, आत माणसे अडकली असतील, तर दार तोडायचे की नाही हा प्रश्न कोणी विचारत बसत नाही. खरी कुचंबणा होते ती अलार्म वाजत असतो, बाहेरून धूर दिसत नसतो, वास येत नसतो आणि इमारतीला कुलूप असते तेव्हा. स्वयंचलित अलार्मच्या वर्द्यांपैकी पुष्कळशा खोट्या ठरतात, हे प्रत्येक जवानाला ठाऊक असते. अशा वेळी दार फोडले आणि आत काही निघाले नाही तर मालक ओरडतो, आणि किल्लीवाल्याची वाट पाहिली आणि आत आग निघाली तर सगळे जग ओरडते. हातात किल्ली असेल तर हा पेच उरतच नाही. आत जायचे, अलार्मच्या पॅनलवर इमारतीचा कोणता विभाग दाखवतो ते पाहायचे, तिथे जाऊन खात्री करायची आणि दार लावून परतायचे. आगीच्या उष्णतेने आपोआप पाणी फवारणाऱ्या छतावरच्या तोट्यांचे, म्हणजे स्प्रिंकलरचेही तसेच आहे. फुटलेल्या एका स्प्रिंकलरमधून मिनिटाला साधारण ऐंशी लिटर पाणी पडते. ते बंद करायची झडप ज्या खोलीत असते त्या खोलीची किल्ली मिळायला अर्धा तास लागला, तर दोन हजार लिटरांहून जास्त पाणी छतांतून खाली उतरते. आग नसतानाही इमारतीचे आगीइतके नुकसान मी पाण्याने झालेले पाहिले आहे.

नियमांच्या बाबतीत इतर देशांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत १९७५ मध्ये स्थापन झालेल्या नॉक्स या कंपनीने या पेट्यांचा इतका प्रसार केला की तिथे कोणत्याही किल्लीपेटीला लोक सर्रास ‘नॉक्स बॉक्स’ म्हणतात. तिकडे अनेक ठिकाणी लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय अग्निसंहितेच्या ५०६ व्या कलमात, जिथे कुलपांमुळे आत जाणे अडते किंवा जीव वाचवण्यासाठी तत्काळ आत जावे लागू शकते, तिथे अशी पेटी बसवायला लावण्याचा अधिकार अग्निशमन अधिकाऱ्याला दिला आहे. पेटी ‘यूएल १०३७’ या चोरीविरोधी मानकानुसार प्रमाणित असावी असेही त्यात आहे. याच कलमाच्या पुढच्या भागात कुलूप बदलले किंवा त्याची किल्ली बदलली तर इमारत चालवणाऱ्याने अधिकाऱ्याला तत्काळ कळवावे, नवी किल्ली द्यावी आणि ती पेटीत ठेवली जावी, असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे मी जी चूक केली ती नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होती. पेटीची चर्चा करताना सगळे जण पहिला भाग सांगतात. पुढचा भाग मी स्वतःही त्या रात्रीनंतर वाचला.

जर्मनीत हीच कल्पना वेगळ्या अंगाने विकसित झाली आहे, आणि यंत्रांची आवड असणाऱ्याला ती मोहात पाडणारी आहे. तिथल्या वरच्या श्रेणीच्या पेटीला दोन दारे असतात. बाहेरचे दार कोणत्याही किल्लीने उघडत नाही. इमारतीचे फायर अलार्म पॅनल आगीचा संकेत देते तेव्हाच त्याची विद्युत अडसर सुटते. मग आतल्या दाराला अग्निशमन दलाची किल्ली लागते. म्हणजे दलाची किल्ली एखाद्या चोराच्या हाती पडली तरी अलार्म वाजल्याशिवाय तिचा उपयोग नाही, आणि अलार्म वाजला की बंब निघालेलाच असतो. आतली इमारतीची किल्ली एका छोट्या सिलिंडरमध्ये अडकवून ठेवलेली असते आणि ती जागेवर आहे की नाही यावर पॅनलचे लक्ष असते. पोलादाला भोक पाडण्याचा प्रयत्न झाला तरी संकेत जातो; थंडीत दार गोठू नये म्हणून आत उष्णता देण्याचीही सोय असते. अलार्म वाजला नाही पण बाहेरून धूर दिसतो आहे, अशा प्रसंगासाठी भिंतीवर वेगळे कुलूप असते. ते दलाच्या किल्लीने फिरवले की अलार्म सुरू होतो आणि पेटी उघडते. या व्यवस्थेचे मला कौतुक आहे. तरीही किल्ली जागेवर आहे एवढेच पॅनलला कळते. तिसऱ्या मजल्यावरच्या दाराला ती लागते की नाही, हे त्याला कळत नाही.

इंग्लंडने किल्लीच्या पुढचा विचार केला, पण त्यासाठी १४ जून २०१७ ची लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीची आग आणि ७२ माणसांचे मृत्यू घडावे लागले. २३ जानेवारी २०२३ पासून तिथे लागू झालेल्या नियमांनुसार किमान १८ मीटर उंचीच्या किंवा सात मजल्यांच्या निवासी इमारतीत सुरक्षित माहितीपेटी असावी लागते. तिच्यात इमारतीला जबाबदार व्यक्तीचे नाव, संपर्क आणि मजल्यांचे नकाशे कागदावर ठेवलेले असतात आणि पेटीची वर्षातून किमान एकदा तपासणी करावी लागते. अग्निशामकांच्या वापरासाठीच्या लिफ्टची तपासणी तर दरमहा करावी लागते. त्या आगीच्या चौकशी अहवालाचा पहिला भाग २०१९ मध्ये आला. जवानांना इमारतीच्या लिफ्ट आपल्या ताब्यात घेण्याची यंत्रणा त्या रात्री चालवताच आली नाही, असे त्यात नोंदवले आहे. व्यवस्था होती, पण ऐन वेळी ती हाताला आली नाही. इमारतीच्या मालकाने आणि व्यवस्थापकाने ही यंत्रणा नियमित चालवून पाहावी आणि तसे दलाला कळवावे, अशी शिफारसही त्या अहवालात आहे. किल्लीपेटीचेही याहून वेगळे नाही. जी किल्ली कधी कुलपात फिरवून पाहिलेली नाही, तिला मी तरी आता किल्ली म्हणत नाही.

आता चोराच्या आक्षेपाकडे येतो. तो मी उडवून लावणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. एका भागातल्या सगळ्या पेट्या एकाच किल्लीने उघडत असतील तर ती एक किल्ली म्हणजे शेकडो इमारतींची किल्ली असते. न्यूयॉर्कमध्ये २०१२ साली एका निवृत्त कुलूपवाल्याने लिफ्ट, विजेचे पॅनल अशा सार्वजनिक महत्त्वाच्या किल्ल्यांचा जुडगा इंटरनेटवर विकायला काढला आणि एका वृत्तपत्राने तो दीडशे डॉलरना विकत घेऊन दाखवला. अमेरिकेतील विमानतळांवर प्रवाशांच्या बॅगा उघडण्यासाठी ज्या ठरावीक किल्ल्या वापरतात, त्यांचे छायाचित्र २०१४ मध्ये एका वृत्तपत्रात छापून आले आणि पुढच्याच वर्षी त्या छायाचित्रावरून बनवलेले त्रिमितीय छपाईचे नमुने सर्वांसाठी खुले झाले. किल्लीचे दात म्हणजे शेवटी आकडे असतात आणि आकडे छायाचित्रातूनही वाचता येतात. म्हणून दलाच्या किल्लीचे छायाचित्र कधीही कोठेही, कौतुकाने सुद्धा, छापू नये, अशी आपल्या दैनिकालाही माझी विनंती आहे.

पण या उदाहरणांतून पेट्या काढून टाका असा निष्कर्ष निघत नाही; दलाच्या किल्लीला शिस्त लावा, हा निघतो. चांगल्या पेटीच्या कुलपाची कोरी किल्ली बाजारात मिळत नाही आणि ती कापून देण्याचा अधिकार मोजक्याच ठिकाणी असतो. बंबात ती किल्ली एका बंदिस्त साच्यात राहते. जवानाने आपला सांकेतिक अंक दाबला तरच ती सुटते, आणि कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता काढली याची नोंद आपोआप होते. आता इलेक्ट्रॉनिक किल्ल्याही आल्या आहेत, ज्यांना मिळालेली परवानगी ठरावीक काळाने आपोआप संपते; अशी किल्ली हरवली तरी काही तासांनी ते नुसते धातूचे तुकडे उरतात. जिथे दलाची किल्ली चालकाच्या खिशात किंवा कप्प्यात सुटी पडलेली असते, तिथे माझ्या इमारतीच्या किल्ल्या पेटीत ठेवायला मीही तयार झालो नसतो. इमारतीच्या मालकाला आपल्या दलाला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे आणि तो विचारल्याबद्दल कोणी रागावू नये.

दुसरीकडे, पेटीला घाबरणारे लोकच पुष्कळदा त्याहून कितीतरी कच्चा मार्ग पत्करतात, हेही पाहिले आहे. दाराशेजारी आकड्यांची चाके असलेली स्वस्त डबी टांगायची, तिचा आकडा सफाई करणाऱ्यांना, दुरुस्तीवाल्यांना, सामान पोचवणाऱ्यांना द्यायचा आणि तो वर्षानुवर्षे बदलायचा नाही. अशा डब्या नुसत्या स्क्रू ड्रायव्हरने उचकटलेल्या मी पाहिल्या आहेत. एकट्या राहणाऱ्या वृद्ध किंवा आजारी माणसासाठी दाराजवळ किल्ली ठेवणे ही खरी गरज आहे, कारण आत पडलेल्या माणसाला उठून दार उघडता येत नाही आणि रुग्णवाहिकेतल्या माणसांना दार फोडण्यात वेळ घालवता येत नाही. पण तिथेही प्रमाणित पेटीच हवी आणि ती उघडणारे हात मोजकेच हवेत.

पेटीत काय ठेवायचे यावर फार कमी बोलले जाते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात लोक इमारतीतल्या सगळ्या किल्ल्या आत कोंबतात. चाळीस किल्ल्यांचा जुडगा, हातात जाड मोजे, चेहऱ्यावर मुखवटा आणि विजेरीच्या प्रकाशात वाचायचे बारीक अक्षर, अशा स्थितीत ती पेटी असून नसल्यासारखी होते. मुख्य दार, जिने, अलार्म पॅनलची खोली, विजेच्या मीटरची खोली, पंपाची खोली, स्प्रिंकलरची झडप, गच्ची आणि लिफ्ट, एवढ्या किल्ल्यांनी बहुतेक इमारती उघडतात. बाकीच्यांसाठी मास्टर किल्ली असेल तर एकच पुरते. प्रत्येकीला मोठा बिल्ला असावा आणि त्यावर खोलीचे नाव असावे, इमारतीचा पत्ता कधीही नसावा. कोणती किल्ली कुठली, हे रंगावरून ओळखता आले तर आणखी चांगले, पण नुसत्या रंगावर विसंबू नये. धुरात लाल आणि तपकिरी यांतला फरक कोणाला कळतो?

हल्ली दारे कार्डाने उघडतात. ही नवी डोकेदुखी आहे. चुंबकीय कुलूप वीज गेली की सुटते, पण काही विद्युत कुलपे वीज गेल्यावर बंदच राहतील अशीच बनवलेली असतात आणि ती असतात नेमकी महत्त्वाच्या खोल्यांना. म्हणून पेटीत नुसते कार्ड ठेवून भागत नाही, त्या कुलपाची धातूची किल्लीही लागते. कार्डाचा आणखी एक खोडसाळ स्वभाव मला एका तपासणीत कळला. आमच्या संगणक विभागाने एक शहाणपणाचा नियम केला होता, की जे कार्ड तीन महिने वापरले गेले नाही ते आपोआप रद्द व्हावे. नोकरी सोडून गेलेल्यांची कार्डे चालू राहू नयेत हा त्यामागचा हेतू होता आणि तो योग्यच होता. पण संपूर्ण इमारतीत सर्वांत कमी वापरले जाणारे कार्ड कोणते, तर पेटीतले. ते पहिल्याच तिमाहीत मेले आणि पुढची दीड वर्षे पेटीत शांतपणे पडून राहिले. त्या दीड वर्षात आग लागली नाही, एवढाच आमचा पराक्रम.

एक खुलासा करायला हवा, कारण काही लोक पेटीचा भलताच अर्थ काढतात. पेटी बाहेरून आत येणाऱ्या जवानांसाठी आहे. आतल्या माणसाला बाहेर पडण्यासाठी कोणतीही किल्ली लागता कामा नये; बाहेर पडण्याच्या दाराला कुलूप लावून ‘किल्ली पेटीत आहे’ असे म्हणणाऱ्याला त्याच दाराच्या आत उभे करून पाहावे.

पेटी पोलिसांनाही उघडता यावी अशी मागणी अधूनमधून होते. मला ती पटत नाही. आगीच्या वेळी आत येण्याची जी संमती आम्ही देतो ती त्या एका कारणापुरती असते, आणि एकदा का हात वाढले की मालकांचा विश्वास जातो, आणि विश्वास गेला की पेट्या रिकाम्या राहतात. ज्या इमारतीत चोवीस तास वॉचमन असतो आणि किल्ल्या त्याच्याकडे असतात तिथे पेटी लागतेच असे नाही, हेही मी मान्य करतो. फक्त धूर पाहून तोही सर्वांबरोबर बाहेर पळेल, आणि पळावेच, तेव्हा किल्ल्या कुठे असतील याचा विचार आधी व्हावा.

तर माझे म्हणणे एवढेच आहे, की पेटीचा नियम करायचा असेल किंवा कडक करायचा असेल, तर त्याचे वजन पेटीवर न टाकता किल्लीवर टाकावे. पेटी बसवल्याचे प्रमाणपत्र कपाटात ठेवणे सोपे आहे. त्याऐवजी दलाने वर्षातून एकदा, शक्य तर दोनदा, इमारतीत यावे, व्यवस्थापकासमोर पेटी उघडावी आणि आतली प्रत्येक किल्ली तिच्या त्या दारापर्यंत नेऊन फिरवून पाहावी. याला आमच्या इमारतीत पाऊण तास लागत असे. त्यात जवानांना जिने, झडपा आणि पॅनल आधीच पाहून ठेवता येतात, हा फायदा वेगळाच, आणि खरे तर तोच मोठा. हे करायला माणसे कमी पडतात, ही दलाची तक्रार खोटी नाही. पण मग पेटी सक्तीची करतानाच तपासणीच्या माणसांचीही तरतूद व्हावी, नाहीतर आपण शेकडो भिंतींवर जुन्या किल्ल्यांची संग्रहालये टांगून ठेवू. आणि किल्ली बदलण्यासाठी पेटी उघडून घेण्याची विनंती आल्यावर दलाने किती दिवसांत यावे, याची मुदतही नियमातच लिहिलेली असावी. मालकाने ‘तत्काळ’ कळवायचे आणि दलाने सवडीने यायचे, हे बरोबर दिसत नाही.

मालकांनी करायचे ते काम तर अगदीच साधे आहे. त्या रात्रीनंतर मी आमच्या कुलूपवाल्याच्या बिलावर एक रकाना वाढवला: ‘पेटीतली किल्ली बदलल्याची तारीख’. तो कोरा असेल तर बिल मंजूर करायचे नाही. सुरुवातीला कुलूपवाला वैतागला, कारण दलाच्या वेळेमुळे त्याचे पैसे अडकत होते. मग तोच आपणहून दलाला फोन करू लागला. माझ्या विसराळूपणावर त्याच्या निकडीइतका चांगला उपाय मला दुसरा सापडला नाही.

निवृत्त होताना हा रकाना मी माझ्या जागी आलेल्या व्यवस्थापकांना समजावून दिला. त्यांचा मध्यंतरी फोन आला. आवाजात थोडी कुरबुर होती. तळमजल्यावरच्या स्वच्छतागृहाचे कुलूप बदलले आहे, त्यालाही हा नियम लागू आहे का, असे ते विचारत होते. मी म्हटले, त्या दाराची किल्ली पेटीत ठेवलेली असेल तर लागू आहे, आणि ठेवलेली नसेल तर त्या दारामागे पाण्याची मुख्य झडप आहे हे आधी जाऊन पाहा.

आपला,
किल्ल्या सांभाळणारा एक निवृत्त व्यवस्थापक